रीसेट होईना तेव्हा
लेकीच्या कंपासपेटीतून खोडरबराचा वास आला आणि धायरीच्या सासरघरातली ती दुपार आठवली. माझं नुकतंच लग्न झालं होतं. संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये दाखवायचा प्रोजेक्ट सासऱ्यांच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये होता आणि कितीदा रीसेट केलं तरी पडदा काळाच. आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसायची, हे सरांनी शिकवलं होतं. पण सासऱ्यांच्या वस्तूला हात लावायचा धीर होईना. सासूबाईंनीच स्क्रूड्रायव्हर आणून दिला. म्हणाल्या, "उघड तू. बिघडला तर मी बिघडवला म्हणून सांगेन. मला ते काही बोलत नाहीत. एकदा बोलून पाहिलंय त्यांनी." हसता हसता मी पहिला स्क्रू फिरवला. पट्टी पुसून बसवली, बीप वाजला, पडद्यावर अक्षरं उमटली. आता खराडीच्या ऑफिसात नवी मुलगी मशीनला हात लावायला बिचकली, की मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहते.