दुसऱ्यांच्या मिक्सरमधलं वाटण

आमच्या घरी स्वतःचा मिक्सर नव्हता, पण मिक्सर रोज चालायचा. कधी नायगावच्या कुणाचा, कधी वडाळ्याच्या, कधी आमच्याच चाळीतल्या तळमजल्यावरच्या काकींचा.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा नवरा परळच्या एका गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होता. जळलेल्या मोटारी उघडायच्या, दुरुस्त करायच्या, हे त्याचं काम. गिरणी बंद झाली आणि त्याच्या हातांना काही सुचेना. सकाळी गेटवर जायचा, दुपारी यायचा आणि आमच्या एका खोलीत इकडून तिकडे फेऱ्या मारायचा. चांगला चालणारा पंखा त्याने दोनदा उघडून पुन्हा लावला. तिसऱ्यांदा स्टुलावर चढला, तेव्हा मी खाली जाऊन काकींचा बंद पडलेला मिक्सर आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"हा घ्या. पंख्याला सोडा आता."

तो मिक्सर दुपारभरात सुरू झाला. काकी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. आठवड्याभरात बायका टॉवेलात गुंडाळलेले मिक्सर कडेवर घेऊन आमचा जिना चढू लागल्या.

आता खरी भानगड अशी, की दुरुस्त केलेली मोटार लोडवर चालवून बघितल्याशिवाय खात्याबाहेर सोडायची नाही, ही गिरणीतली शिस्त त्याच्या अंगात मुरलेली. "रिकामी मोटार काय, कुठलीही फिरते," तो म्हणायचा. म्हणजे प्रत्येक मिक्सरात एकदा सुकं, एकदा ओलं काहीतरी वाटायलाच हवं. ते काहीतरी माझ्या स्वयंपाकघरातून. संपाच्या दिवसांत वाटून फेकायला घरात होतं काय? मी दादरला एका छापखान्यात प्रुफं तपासायला जायचे, त्या पगारावर घर चाललेलं.

मग मी टाकाऊ जमवायला लागले. दुधीची सालं, कोबीचा दांडा, कलिंगडाचा पांढरा गर, फणसाच्या आठळ्या, शिळ्या भाकऱ्या. वाटलेलं खायचं, हा माझा नियम. कोबीच्या दांड्याची धिरडी छान झाली. कलिंगडाच्या पांढऱ्या गरात तांदूळ भिजवून घावणे केले, ते तव्याला असे चिकटले की नवऱ्याने खरवडायला पटाशी आणली. आठळ्यांचे वडे मी आजही करते. संत्र्याच्या सालींची चटणी एकदाच केली, तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

सासूबाई मालवणकडच्या. पाटा-वरवंट्यावर त्यांची श्रद्धा. मिक्सरमधलं काहीही पुढे आलं, की बोटाने ढवळून म्हणायच्या, "ह्यां वाटप न्हय गो. हो चिखल आसा."

मला मात्र या प्रयोगांचा नाद लागला. छापखान्यात डोळे प्रुफावर असायचे आणि डोक्यात भिजवलेले चणे. मिक्सर आला की मला चैन पडायचं नाही, नाही आला की नवऱ्याला. घरात निवांत बसलेलं कोणी नव्हतं.

तेव्हापासून मला यंत्रं विकणाऱ्यांविषयी मतं आहेत. भांडं आणि मोटार यांच्यामध्ये रबराचं एक चाक असतं, त्याला कपलर म्हणतात. भांड्यात काही अडकलं की आधी ते झिजतं. आमच्याकडे येणारे निम्मे मिक्सर त्याच्यापायी यायचे. मी म्हटलं, कंपनी चोर आहे. नवरा कंपनीच्या बाजूने.

"ते झिजतं म्हणून मोटार वाचते. मुद्दाम तसं केलंय."

"मग खोक्यात एक जास्तीचं का नाही ठेवत?"

"ठेवलं, तर मग तू मला विचारशील का?"

माझी मुलगी आता कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिच्याकडे चुका राहिलेला माल आधी विकतात, गिऱ्हाइकांनी ओरड केली की दुरुस्ती पाठवतात, आणि त्या दुरुस्तीला नवा माल म्हणतात. तिला मी म्हटलं, आपल्या चाळीत असं केलं असतं तर मिक्सर डोक्यात घातला असता बायकांनी. ती म्हणाली, "आई, तुम्ही धंदाच केला नाहीत." तिचं खरं होतं. निदान तेव्हापुरतं.

कारण नवरा दाराला पाटी लावायला तयार नव्हता. मी पहिल्या महिन्यापासून मागे लागले होते. बायका भलत्याच जिन्याने चढायच्या, चार दारं ठोकायच्या, कंटाळून परत जायच्या. हा गॅलरीत उभा राहून त्यांना परत जाताना बघायचा.

"पाटी कशाला? उद्या मिल सुरू झाली की काढत बसायची?"

गिरणी उघडत नाही, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. शेजारची दोन बिऱ्हाडं गावी निघून गेली होती. त्यालाही कळलं होतं. पण पाटी नाही तोवर ते काम म्हणजे वेळ घालवणं होतं, आणि तो अजून गिरणीतला होता. मला ते अधांतरी राहणं सोसवेना. एकदा काय ते ठरू दे, असं मला रोज वाटायचं. तोंडाने मात्र मी एवढंच म्हणायचे, "पाटी लावा."

मग हिंदमाताजवळच्या साड्यांच्या दुकानवाल्यांच्या घरचा मिक्सर आला. मोठा, भारी. घर कडक शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. मी त्या दिवशी छापखान्यात होते. मिक्सर दुरुस्त झाल्यावर नवऱ्याने आईला सांगितलं, वाटायला काहीतरी सुकं दे. सासूबाईंनी सुकट भाजून दिली, वर सुक्या मिरच्या.

मी घरी आले तेव्हा मिक्सर गेला होता आणि ताटात चटणी होती. "आज बरा वाटलेला आसा," सासूबाई म्हणाल्या. इतक्या महिन्यांतलं मिक्सरचं हे पहिलं कौतुक. मी विचारलं, कोणाच्या मिक्सरात? सांगितलं तसा माझा घास तोंडातच राहिला. नवरा म्हणाला, भांडं साबणाने धुतलं, राखेनेही घासलं. पण झाकणाच्या रबरातून सुकटीचा वास जातो थोडाच?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या घरची सून दारात.

"मिस्त्री, यात काय वाटलंत?"

मी काही जुळवाजुळव करणार तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"सुकट. बरी झाली हां चटणी. ठेवलेली आसा थोडी, दिऊ काय?"

बाई दोन पावलं मागे सरकली. ओरडली नाही. "मशीन चांगलं चालतंय," ती म्हणाली. "पण माझ्या सासूबाईंनी ते जिन्यात काढून ठेवलंय. भांडं मी नवीन घेईन. एवढंच सांगा, तुम्ही दुकान चालवता की खेळ?"

"दुकान नाही हे," नवरा म्हणाला. "मी मिलमध्ये आहे."

"बरं. मग तक्रार करायला मिलमध्ये येऊ का?"

आणि ती जिना उतरून गेली. त्या दिवशी नवरा गेटवर गेला नाही. पंख्यालाही हात लावला नाही. पायांवर हात ठेवून बसून राहिला. मला दोन शब्द बोलता आले असते. मी खाली काकींकडे गेले, त्यांच्या जुन्या मिक्सरची दोन भांडी मागून आणली. एकाच्या मुठीला हिरवा दोरा गुंडाळला, एकाच्या लाल. म्हटलं, यापुढे वाटून बघायचं ते आपल्या भांड्यात, आणि हिरव्यात सुकट जाणार नाही. सासूबाईंकडे बघून पुन्हा म्हटलं. त्यांनी मान वळवली.

नवरा उठला आणि मुलीच्या दप्तरातला खडू घेऊन बाहेर गेला. दारावर लिहिलं: मिक्सर दुरुस्ती. शाकाहारी भांडं वेगळं.

"खडूने?" मी विचारलं.

"पुसायला सोपं."

मी वाद घातला नाही. खडू येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यांनी पुसला जायचा, पोरं मुद्दाम बोट फिरवायची. तो पुन्हा लिहायचा. अक्षरं दर वेळी थोडी मोठी व्हायची, हे मी बघत होते.

गणपतीआधी चाळीत दारं रंगवायची पद्धत. त्या वर्षी आम्ही हिरवा ऑइलपेंट आणला. दाराला हात मारून झाला, वाळला. दुसऱ्या दिवशी मी छापखान्यातून आले तर तो दारासमोर उकिडवा बसलेला, हातात बारीक ब्रश, शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा. 'दुरुस्ती'पर्यंत आला होता. मी चपला हातात घेऊन त्याच्या बाजूने आत गेले. चणे भिजले होते.

सासूबाई उंबऱ्याच्या आत बसून बघत होत्या. त्यांनी लेकाला विचारलं, "आनी गिरण सुरू झाली तर रे?"

तो 'शाकाहारी'चा काना ओढत होता. तो पूर्ण केला, मग म्हणाला, "मगे ह्यां काम सांजचो करीन."

जिन्यावर पावलं वाजली. टॉवेलात मिक्सर घेऊन कोणी बाई वर येत होती, दम लागलेला, दाराला टेकायच्या बेतात.

"टेकू नका," तो म्हणाला, "ओलं आहे. काय बिघडलंय?"