नामदेवदादांची एमजी आणि डावी सीट

शिरवणे गावात नामदेवदादांचं घर शोधायचं असेल तर आडनाव विचारू नका, त्या आडनावाची अख्खी आळी आहे. 'हिरवी गाडीवाले' एवढं म्हणा, शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडील. गाडी म्हणजे एमजी. इंग्लंडात बनलेली, दादांपेक्षा वयानं मोठी. दोनच सीट, कापडी छप्पर आणि तेही बारा महिने दुमडलेलं, तारांची उंच चाकं, नि दरवाजे असे की पुढून मागं उघडतात. ती रस्त्यानं निघाली की रिक्षावालेसुद्धा भाडं विसरून बघत राहतात.

ती गावात आली त्याचीही गंमतच आहे. खाडी खाडी होती त्या काळात कुलाब्याचे बेहरामशेठ थंडीत बदकं मारायला याच गाडीतून यायचे. एकदा भरतीच्या चिखलात चाकं रुतली. विशीतल्या नामदेवानं घरचे बैल आणून जुंपले, बैल हाकायला भाऊ राहिला आणि स्टिअरिंग धरायला शेठनं नामदेवाला बसवलं. झालं! गाडी चिखलातून निघाली, नामदेव मात्र तिच्यात रुतला तो कायमचा. पुढं सरकारनं जमिनी घेतल्या, घरोघरी पैसा आला. भावकीत कुणी टेम्पो घेतला, कुणी बायकोला सोन्यानं मढवलं, कुणी घरावर मजले चढवले. या पठ्ठ्यानं थकलेल्या बेहरामशेठकडून गाडी घेतली. घरात खाणारी तोंडं डझनभर आणि गाडी दोघांची! गावानं पोट धरून हसून घेतलं. सासरे तर जावयाला बाहेरचं काही लागलंय म्हणून भगताकडं निघाले होते.

हसू द्या. ती चालवण्यातलं सुख हसणाऱ्यांना काय कळणार? किल्ली फिरवली की आधी पेट्रोलचा पंप टकटक करतो. टकटक मंदावली की चोक ओढायचा, मग स्टार्टरची मूठ. घाई केलीत की रुसून बसते. पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय पडत नाही, जबरदस्ती केली तर अशी खरखरते की लोक वळून आपल्यालाच बघतात. स्टिअरिंग घट्ट आवळलं की भरकटते, सैल धरलं की सरळ जाते. बायकोशी कसं वागावं ते आपल्याला या गाडीनं शिकवलं, असं दादा चारचौघांत सांगायचे. सुमित्राबाईंचं मत वेगळं होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

दर रविवारी सकाळी दादा पाम बीच रोडनं बेलापूरपर्यंत जाऊन यायचे. बसायची जागा इतकी खाली की हात लांबवला तर रस्त्याला लागेल, आणि पुढची काच आडवी पाडली की खाडीचा खारा वारा थेट तोंडावर. तिसरा गिअर कुठं टाकायचा ते ठरलेलं होतं. जिथं त्यांच्या भातशेताचा बांध होता तिथं. आता त्या जागी काचेचा टॉवर आहे, बांध एकट्या दादांना दिसतो. इथं मिठागर होतं, इथं खारं पाणी अडवायची उघाडी, इथं बापूस बैल धुवायचा. मोठ्या गाडीतून, काचा लावून, एसीत बसून यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. दादांनी मुलाच्या, तेजसच्या, गाडीतून जाऊन बघितलं होतं. नुसत्या इमारती दिसल्या.

सुमित्राबाई या गाडीत तीस वर्षं बसल्या नाहीत. केस विस्कटतात, लोक बघतात, कंबर धरते, कारणं काय कमी असतात? आणि दोन वर्षांपूर्वी एका रविवारी डोक्याला ओढणी गुंडाळून बाहेर आल्या आणि न विचारता डाव्या सीटवर जाऊन बसल्या. दादांची छाती फुगली. उशिरा का होईना, बाईला गाडी कळली!

नेमकं त्याच सुमाराला दादांच्या डाव्या डोळ्यात कडेकडेनं काळोख चढायला लागला होता. नेरूळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घाला आणि गाडी चालवणं बंद करा, एवढं साफ सांगितलं. दादांनी थेंबांची बाटली गाडीच्या हत्यारांच्या पेटीत लपवली आणि तोंडाला कुलूप लावलं. तेजसला कळलं तर किल्ली त्याच दिवशी जाणार. मग गाडीवर ताडपत्री पडणार, आणि तिच्याखाली आपला बांध, उघाडी, बापूस, सगळंच झाकलं जाणार.

आणि शेजारी सुमित्राबाईंची टकळी! नारळवाला बघा कसा रस्त्यात बसलाय. ही रिक्षा बघा, मागं काय लिवलंय. आता हा कुत्रा मधी येनार. दादा वैतागायचे, घरी बोलून पोट भरत नाही का म्हणून खेकसायचेही. त्या गप्प व्हायच्या, ते पुढच्या रिक्षापर्यंत.

गेल्या मार्गशीर्षात करंजाड्याला सुमित्राबाईंच्या भाचीची हळद होती. आमच्या लोकांची हळद म्हणजे रात्रभर, त्या तिकडंच राहिल्या. रविवारी दादा एकटेच निघाले. सकाळ सुरेख, इंजिन सुरात. नेरूळच्या सिग्नलवरून डावीकडं वळले आणि कचकन आवाज झाला. स्कूटीवरची एक मुलगी मडगार्डला घासून कशीबशी पाय टेकून उभी राहिली होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं, देवाची कृपा.

"काका, मी केव्हाची तुमच्या बाजूला होते. तुम्हाला दिसले नाही?"

दादांनी हात जोडले, गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं. मग डावीकडची ती शांतता त्यांच्या ध्यानात आली. नारळवाला, रिक्षा, कुत्रा. दोन वर्षांत सुमित्राबाईंनी दाखवलेली एकूण एक गोष्ट डावीकडची होती. उजवीकडचं एक झाडसुद्धा बाईंनी कधी दाखवलं नव्हतं. दादांनी स्वतःच तेजसला फोन केला, डोळ्याचं सांगून टाकलं आणि गाडी ओढून घरी आणवली.

संध्याकाळी सुमित्राबाई आल्या, हात अजून पिवळे. तेजसनं फोनवर सगळं सांगितलं होतंच. दादांनी एवढंच विचारलं की तुला कधीपासून ठाऊक होतं.

"पयल्यापासून. तुमी जेवताना डावीकडची चटनी पानान तशीच राहायची." मग त्या दिवाळे गावातल्या आपल्या माहेराचं सांगू लागल्या. "माजा बापूस मागं बसून होडी वल्हवायचा. नजर अधू झालेली त्याची. मी पुढं नालेवर, होडीच्या टोकाला, बसून खाडीतलं जाल्याचं खुटं सांगायची. इथं खुटा हाय, इथं चिखलाचा गाल हाय. तुमाला दिसत नाय, असं बापाला कदी बोलले नाय. मान्साचा जीव मोडतो."

आणि पिवळ्या हातांकडं बघत, "काल हलदीला ऱ्हायाला नको होतं," म्हणाल्या.

किल्ली सूनबाईंकडं, नमिताकडं गेली. तेजसला क्लच जमेना, तिला जमला. महिनाभर दादांनी तिला मोकळ्या मैदानात शिकवलं. गिअर खरखरले, दादांनी कानांवर हात ठेवले, एकदा तर चिडून खाली उतरले. पण पोरगी चिकाटीची. पहिल्या गिअरसाठी थांबायला शिकली, चाक सैल धरायला शिकली, आणि एका रविवारी तिनं गाडी दारासमोर आणून उभी केली.

सगळ्यांना वाटलं होतं, दादा तिच्याशेजारी बसतील. दादांनी मात्र रात्रीच ठरवलं होतं. ती जागा सुमित्राबाईंची, आपण तेजसच्या गाडीतून मागनं यायचं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोसाठी त्यांनी कधी कुठलं दार उघडलं नव्हतं. आज डावा दरवाजा उघडून ते अदबीनं उभे राहिले आणि म्हणाले, "बस."

सुमित्राबाईंनी गाडीकडं बघितलं आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या.

"मी नाय बसायची. लई भ्या वाटतं मना त्या गाडीचं. बसल्यापासून उतरंपरेंत देवाचं नाव घ्यायची मी. आता नमिता हाय ना चालवाला? मंग तुमी बसा, मी चाय टाकतंय." आणि त्या वळून घरात गेल्या.

नमितानं दोनदा हाक मारली. दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते दार धरून तसेच उभे होते.