तात्यांचं गाऱ्हाणं

तात्यांना हळू बोलता येत नसे. भाड्याने मंडप आणि खुर्च्या देण्याचा त्यांचा धंदा, त्यामुळे लग्न कुणाचंही असो, आवाज तात्यांचा. वाडीने त्यांच्याकडे गाऱ्हाणं घालायचं काम दिलं तेही या आवाजासाठीच. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर आधी देवळात नारळ ठेवून एकजण देवाला सगळं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देवाला कमी ऐकू येत असेल तर तात्यांमुळे त्याची सोय झाली होती.

त्यांची दुसरी खोड वस्तूंना नावं ठेवायची. माणसांना ते कधी ठेवत नसत. स्वतःच्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून म्हणायचे, "जेणा ही खुर्ची केल्यान, तो हिच्यार कधी बसूक नाय." मग समोर जो असेल त्याला विचारायचे, तू कशी केली असतीस? या प्रश्नाने माझ्या डोक्यात भुंगा सोडला तो कायमचा.

आईचे गुडघे धरले तेव्हा मी जुन्या स्टुलावर आडाळी ठोकली, म्हणजे खाली न बसता तिला नारळ खवता येईल. तात्यांनी स्टूल उलटं करून पाय हलवून बघितले. "डुगडुगता. पण इचार बरो आसा," म्हणाले. असल्या विचारांचंही कॉलेज असतं हे मला त्यांनीच सांगितलं. गोव्यात मंडप घालायला गेले असताना डिझाइनच्या कॉलेजात शिकणारी मुलं त्यांना भेटली होती.

बारावीनंतर मला बंगळूरला अशाच एका कॉलेजात प्रवेश मिळाला आणि बाबांनी साफ नकार दिला. शहाण्या मुलीने मास्तरीण व्हावं नाहीतर नर्स. खुर्च्या करायला सुतार आहेत. तात्या घरी येऊन बोलले, तर बाबांनी चहा पाजून विषय बदलला. प्रवेशाची मुदत संपत आली.

त्याच आठवड्यात देवळाच्या छपराचं काम निघालं. सगळी वाडी जमली. तात्यांनी छपरासाठी मागितलं, सुतारांच्या हातापायांसाठी मागितलं आणि आवाज जराही न बदलता पुढे गेले, "ह्या वसंताचां चेडू खुर्चे-टेबलां कशी करूची तां शिकाक बंगळुराक जातलां. तेच्या वाटेत जी काय अडचण आसा, ती घरातली आसांदे नायतर भायरली, ती दूर कर म्हाराजा."

वाडी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणाली. त्यात वसंत, म्हणजे आमचे बाबाही होते. तोंडाला सवयच तशी असते. म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण देवासमोर हो म्हटलेलं मोडायची त्यांची छाती नव्हती. घरी आल्यावर त्यांनी आईला माझी बॅग भरायला सांगितलं.

आता मी दवाखान्यांसाठी खाटा आणि खुर्च्या डिझाइन करते. नवी खुर्ची झाली की आधी स्वतः तासभर बसून बघते.

यंदा जत्रेला गेले तेव्हा घशाच्या ऑपरेशनने तात्यांचा आवाज जवळजवळ गेला होता. देवळात ते कोपऱ्यात बसले होते, मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्या जागी उभे होते बाबा. शेजारच्या प्रमिलाच्या मुलीला चपला डिझाइन करायला शिकायचंय आणि प्रमिला काही केल्या ऐकत नाही, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. बाबा गाऱ्हाण्यात तिथवर आले आणि अडखळले. देवासमोर चपलांचं नाव कसं घ्यायचं? त्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मान हलवली. मग बाबांनी घसा खाकरून चपलांसकट सगळं सांगितलं, वाटेतली अडचण दूर करायलाही सांगितलं, आणि प्रमिलासकट सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले.

जन्मभर गाऱ्हाणं घालणाऱ्या माणसावर तसं म्हणायची पाळी कधी आली नव्हती. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर माझ्या शेजारून, जेमतेम मलाच ऐकू येईल इतक्या घोगऱ्या आवाजात तात्या म्हणाले, "व्हय म्हाराजा."