लक्ष्म्यांच्या ठुश्या आणि पेटीची किल्ली

काल उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी लक्ष्म्या, म्हणजे गौरी, जेवल्या. दोघींच्या गळ्यात सारख्या ठुश्या होत्या आणि त्या बघून मी दिवसभर उगाचच हसत होते... का, ते सांगते.

या ठुश्या सोन्याच्या नाहीत. एक ग्रॅमवाल्या, म्हणजे तांब्यावर सोन्याचा मुलामा. दहा-बारा वर्षांपूर्वी सासूबाईंनी गुलमंडीवरून स्वतः निवडून आणल्या. त्या मात्र या ठुश्यांना कायम ‘लक्ष्म्यांचं सोनं’च म्हणतात.

गेल्या वर्षी, लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी, मी ऑफिसातून घरी आले तर मोरीत पितळेची भांडी उन्हात ठेवल्यासारखी चमकत होती. आणि त्यांच्याच शेजारी एक ठुशी! वर्षभर लक्ष्म्यांच्या पेटीत हळदी-कुंकवाच्या पुड्यांसोबत पडून ती काळवंडली होती. सासूबाईंनी समई घासली, ताम्हण घासलं आणि त्याच चिंचेनं ठुशीही घासली. लख्ख झालीच होती... पण मुलामा गेला होता आणि खालचं तांबं चमकत होतं.

"आई, अहो हे काय केलंत! हे सोनं नाहीये, कितीदा सांगायचं!" मी ओरडलेच. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या, त्यांच्यादेखत.

सासूबाईंनी दुसरी, चांगली असलेली ठुशीही पेटीत ठेवून दिली. "एकीला हाय अन् एकीला नाय, असं बहिणी-बहिणीत चालत नाय," एवढंच म्हणाल्या. लक्ष्म्या बिनठुशीच्याच बसल्या. बायका हळदी-कुंकवाला आल्या, तरी सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

विसर्जन झालं आणि त्यांनी कमरेची पेटीची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "पुढच्या साली तूच बघ सगळं. माझ्याच्यानं नाय व्हत आता." लग्न होऊन आल्यापासून लक्ष्म्यांचं सगळं करणारी बाई ही!

मी किल्ली घेतली नाही. त्यांनीही परत कमरेला लावली नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा आहे, त्याला अडकवून त्या निघून गेल्या.

चूक कुणाची मोठी, हे मला कळत होतं. ठुशीचं काय, ती वस्तू आहे... पण चार लोकांत मी त्यांना जे बोलले, ते कुठल्या चिंचेनं निघणार होतं? दोन्ही नीट करायचं, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

दोन दुकानांत विचारलं. "मॅडम, फेकून द्या, नवीन घ्या." नवीन मला नकोच होती! तिसऱ्या दुकानात पत्ता मिळाला, सराफ्यामागच्या गल्लीत मुलामा देणारे एक चाचा आहेत म्हणून. शनिवारी सुट्टी होती, सासूबाईंना रिक्षात घातलं. त्या नको नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. रिक्षात म्हटलं, "आई, चुकलं माझं. असं बोलायला नको होतं." त्या बाहेर बघत फक्त "व्हय" म्हणाल्या.

चाचांनी दोन्ही ठुश्या ठेवून घेतल्या. एकच केली तर रंग जुळणार नाही म्हणाले. मग सासूबाईंकडे वळले. "अम्मा, सोन्याला घासलं तर सोनं उजळतं. याला घासलं तर निघून जातं. इसको घिसने का नहीं, सिर्फ पोछने का."

"मग धुवायचं कशानं?" सासूबाईंनी विचारलं. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"धुवायचंच नाही. मऊ फडक्यानं पुसायचं, कोरडं ठेवायचं. हळद, अत्तर, पाणी... सगळं लांब."

घरी आल्यावर मी काही सांगितलं नाही, सुचवलं नाही. पण आठवड्याभरात, ठुश्या मुलामा चढून परत यायच्या आधीच, सासऱ्यांच्या जुन्या धोतराचे दोन तुकडे धुऊन दोरीवर वाळताना दिसले. मग माझ्या लेकीच्या दप्तरातून खडू गेला. पेटीत ओल धरू नये म्हणून! हळदी-कुंकवाच्या पुड्या पेटीतून हलल्या, त्यांना वेगळा डबा मिळाला. आणि एका लग्नाला निघताना मी गळ्यात माझा एक ग्रॅमचा हार घालून सेंटची बाटली उचलली, तर आतून आवाज आला, "आधी सेंट, मग दागिना! किती येळा सांगायचं!"

माझंच वाक्य मला परत मिळालं... आणि खरं सांगते, मला लई बरं वाटलं.

काल त्याच खालच्या काकू हळदी-कुंकवाला आल्या. लक्ष्म्यांना कुंकू लावायला हात पुढे केला, तर सासूबाई शेजारीच उभ्या. "कपाळाला लाव गं. ठुशीला बोट नको." काकू वाकून बघत म्हणाल्या, "आजी, नव्या घेतल्या का?"

"नव्या कशाला? त्याच हायेत," सासूबाई म्हणाल्या. "मी खराब केली व्हती एक. सुनेनं नीट करून आणली. आता मी सांभाळते."

ज्या बाईसमोर मी त्यांना बोलले होते, तिच्याचसमोर त्यांनी स्वतःची चूक सांगितली, आणि माझी झाकली. मी प्रसादाचं ताट घेऊन आत पळाले, कारण डोळे भरून आले होते.

स्वयंपाकघराच्या दाराशी आले, तर खिळा रिकामा. किल्ली कधी तिथून गेली, मला कळलंच नव्हतं. बाहेर डोकावून बघितलं... ती सासूबाईंच्या कमरेला होती.

आज सकाळी सगळ्यात आधी मी पक्कड घेतली आणि तो खिळा उपटून टाकला.