तारीखवालीचं आंदण

मने, कान इकडे कर. नागपुरात नोकरीला आहेस म्हणून माझ्या हातून सुटलीस असं समजू नकोस. फोन केला की 'येते मावशी' म्हणतेस आणि आईच्या तेरवीनंतर एकदाही कोरपन्याच्या स्टँडवर उतरली नाहीस. वर परवा म्हणालीस, आईनं माझं लहानपण कोर्टाच्या बाकावर घालवलं. बोललीस ते बोललीस. आता मी बोलते, तू गप ऐक. तुला बाक आठवतो, कारण तू बाकाएवढीच होतीस. त्या बाकावर बसलेली बाई मी पाहिली आहे.

अख्खं गाव तिला तारीखवाली म्हणायचं. एसटीचा कंडक्टरसुद्धा तिकीट फाडता फाडता विचारायचा, "काय तारीखवाले, आज तरी लागते का निकाल?" ती म्हणायची, "निकाल तुह्या गाडीचा लागला भाऊ, खिडक्या पाह्य जरा." अशी हसवून बसायची. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकर आणि तुझा एक जुना फ्रॉक.

तो फ्रॉक कशाला, हे मला एका तारखेला कळलं. जज्जसाहेबांनी विचारलं, बाई, तुमचं म्हणणं काय? तिनं तुला जवळ ओढलं, तो फ्रॉक तुझ्या अंगाला लावला. गुडघ्याच्या कितीतरी वर राहिला. म्हणाली, "साहेब, पोरगी वाढून राह्यली. खावटी नाई वाढून राह्यली." लोक हसले आणि तू लाजेनं रडलीस. तुला तेवढंच आठवतं. हसणाऱ्यांत साहेब नव्हते, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

काडीमोड झाला तेव्हा तुझी खावटी, म्हणजे पोटगी, बांधून दिली होती, पण ती ड्रायव्हरच्या भत्त्याच्या मानानं. तुझ्या बापानं कोर्टात तेच सांगितलं होतं, मी भावाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, मालक नाही. सिमेंटच्या त्या दोन गाड्या कुणाच्या, हे इथल्या चहाच्या टपरीवरचं पोरगंही सांगेल. पण कागदावर नाव मोठ्या भावाचं. त्या खावटीत तुझ्या वह्या यायच्या, चपला यायच्या. तुला दहावीनंतर चंद्रपूरला होस्टेलात ठेवायचं होतं, ते काही त्यात बसत नव्हतं. आणि कापूस वेचणाऱ्या बाईनं वेचून वेचून वेचावं तरी किती?

तरी तिनं तुझ्यासमोर त्याला कधी शिवी दिली नाही. मीच एकदा तोंड सोडलं, तर मला दटावलं. "तिचा बाप हाय तो, बाई. शिव्या मी वावरात देतो. कापसाच्या पराटीले ऐकू येते, पोरीले नाई."

मग तुझ्या चुलत बहिणीचं लग्न निघालं, त्या मोठ्या भावाच्या पोरीचं. पोरगी हट्टाला पेटली, काकू आल्याशिवाय मी हळदीला बसत नाही. म्हणून तुझी आई त्या मांडवात गेली, नाहीतर कशाला जाते. आम्ही दोघी पंगतीत शेजारी होतो. आपल्याकडं आंदण-आहेर माइकवर पुकारतात, हे तुला सांगायला नको. कुणी भांडं दिलं, कुणी खुर्ची दिली, चाललं होतं. आणि माइकवाला मोठ्यानं म्हणाला, "नवरीचे काका, दोन ट्रकचे मालक, यांच्याकडून एक कूलर आन् एक लोखंडी आलमारी!" बँडवाल्यानं वर ढोल वाजवला. तुझा बाप आलमारीला हात लावून फोटोला उभा राहिला. तुझ्या आईचा घास हातातच राहिला. मग तिनं तो खाल्ला, पत्रावळ दुमडली आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरली. कोर्टात येऊन एवढंच सांगा, माइकवर काय ऐकलं ते. कुणाचं ध्यान पत्रावळीकडं होतं, कुणी म्हणे ढोल वाजून राह्यला होता, बाई. सगळं गाव त्या दुपारी बहिरं होतं. मी येते म्हणाले, तर वकीलसाहेब म्हणाले, मावशी, तुम्ही शेजारीण, तुमचं कोण धरणार? संध्याकाळी ती चुलीपुढं बसून नुसती लाकडं मागंपुढं करत होती. एकाएकी म्हणाली, "साक्षीदार काऊन पाह्यजे? तोच सांगन."

तारखेला मी बरोबर होते. गाड्या माझ्याच, असं सांगायला मोठा भाऊ आला होता आणि त्याचा नवा व्याहीही सोबत आला होता. कोशाचं रेशमी धोतर नेसल्यासारखा तोऱ्यात मागच्या बाकावर बसलेला. आईनं वकिलांच्या कानात सांगितलं, "त्याले ट्रकचं नका विचारू. कूलरचं विचारा." वकिलांनी विचारलं, पुतणीच्या लग्नात कूलर आणि आलमारी तुम्ही दिली, की भावानं दिली आणि नाव तुमचं पुकारलं? तुझ्या बापानं मागं पाहिलं. व्याही त्याच्याकडंच पाहत होता. नाही म्हणावं तर भरल्या कोर्टात आंदण खोटं पडतं, पोरीला सासरी आयुष्यभर टोमणे. घाम पुसून म्हणाला, "माह्यंच होतं. माह्या पैशाचं." मग पैसे कुठून आले, हे साहेबांनी विचारलंच. खावटी वाढली. तू होस्टेलात गेलीस. आज पांढऱ्या कपड्यात वॉर्डात फिरतेस ना, ती त्या कूलरची हवा आहे.

येताना गाडीत मी म्हटलं, काऊन गं, जिंकलीस ना, मग तोंड असं? खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "पुतणीसाठी खरं बोलला तो. मले वाटे, एखाद वेळी पोरीसाठी बोलन."

त्यानंतर काय झालं, ते तुला माहीत नाही, तू तिकडं होतीस. गावानं तिला लग्नाला बोलावणं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. पण ही मांडवात आली तर माइकवरचं कोर्टात जाईल, अशी धास्ती बसली. पत्रिका माझ्या दारापर्यंत यायची आणि तिचं दार सोडून पुढं जायची. ज्या पुतणीनं हट्ट केला होता, तिच्या बाळाच्या बारशाचंही बोलावणं आलं नाही. लग्नसराईत ती एकटी ओट्यावर बसायची, तांदूळ निवडत. लांबून माइक ऐकू यायचा. कुणी काय दिलं, सगळं तिला पाठ. मी जेवून आले की मलाच सांगायची, नवरदेवाच्या मामानं पंखा देल्ला ना? आणि दरवेळी माझ्या हाती एक खण-नारळ द्यायची. "ठेव तिथं. नाव नको पुकारू देजो." तुला हे कळू दिलं नाही. तुझा फोन आला की म्हणायची, लग्नाहून आत्ताच आलो, भात मस्त होता.

मागच्या उन्हाळ्यात अंगात ताप असताना तिनं मला पेटी उघडायला लावली. खाली एक हिरवी साडी होती, घडी न मोडलेली. माझ्या नातीसाठी. म्हणाली, "तिच्या लग्नात देजो. नाव..." आणि साडी माझ्या मांडीवर ठेवली.

वैशाखात नातीचं लग्न आहे. माइकवाल्याला मी सांगून ठेवलं आहे, तिचं नाव तू पूर्ण घ्यायचं, तारीखवाली नाही, आईबापानं ठेवलेलं. अख्ख्या गावाला ऐकू गेलं पाहिजे, त्या दुपारी बहिरे होते त्यांनाही. पण पुकारलं की साडी हातात घेऊन मांडवात कुणीतरी उभं राहावं लागतं, मने. मी शेजारीण, माझं कोण धरणार? तिची साडी आता माझ्या पेटीत आहे. सुटीचा अर्ज आजच टाक, आणि हळदीच्या आधी ये.