काटा शून्यावर

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझं पोस्टिंग नाशिकलाच होतं. लष्कराची दोन माणसं बसतील एवढी छोटी विमानं तोफांचे गोळे कुठे पडतात ते वरून सांगायची. मी जमिनीवर रेडिओ सांभाळत असे.

लोकांना वाटतं, विमानातलं पेट्रोलचं गेज म्हणजे सोनाराचा काटा. कसलं काय! आमचं गेज अर्ध्या टाकीला पाऊण दाखवी. नियमाची कडक अट एकच: विमान सरळ उडत असताना वापरण्याजोगं पेट्रोल संपलं, की काटा शून्यावर हवा. मधलं सगळं रामभरोसे. म्हणून टाकीत खुणांची काठी बुडवून मोजायचं आणि गेजची टिंगल करायची, ही युनिटची रीतच होती. टिंगलीत सगळ्यांच्या पुढे आमचे मेजर साळवी.

त्या दिवशी सरावासाठी विमान उताराच्या कच्च्या धावपट्टीवर उभं होतं. विमान उडवणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी स्वतः काठी बुडवली. टाकी कलती असल्याने पेट्रोल काठीच्या बाजूला जमलं होतं आणि काठी जास्त भिजली. घाईत ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मागच्या सीटवर रेडिओला नायक सुभाष गायकवाड होता. नाशिकरोडचा, माझा जिगरी दोस्त.

पिंपळगावच्या बाजूला असताना तो बोलला, "गेज शून्यावर. साहेब म्हणतात, काठीप्रमाणे अजून अर्धा तास आहे. काम उरकून येतो. ओव्हर."

शेजारी उभ्या मेजरसाहेबांनी माझ्या हातातून हँडसेट हिसकावला. "शून्य खरं असतं! मोकळं शेत बघा आणि उतरा. आत्ता!"

थोड्या वेळाने सुभाष म्हणाला, "इंजिन बंद पडलं. खाली सगळे द्राक्षांचे मांडवच आहेत. ओव्हर."

ओव्हर म्हणजे आता तू बोल. मी बोललो. पुन्हा पुन्हा बोललो. उत्तर आलं नाही.

मांडवांच्या तारा आणि खांबांत विमान शिरलं होतं. दोघंही जागीच गेले. आजही कुणी गेजवर विनोद केला की माझं डोकं फिरतं.

सुभाषच्या घरी मी मेजरसाहेबांबरोबर गेलो. त्याच्या आईने विचारलं, "विमानाला काटा नसतो का, साहेब? पोरांनी बघितला नाही?"

"बघितला होता, आई," मेजरसाहेब म्हणाले. "त्याला खोटा म्हणायला आम्हीच शिकवलं."

आईने त्यांना आत या म्हटलं नाही. मलाही नाही.