दाजींनी ठेवलेली अंडी

आक्काचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या घरी सकाळचा चहा गाळत होतो. "अरे, हे गेले," ती म्हणाली. झोपेतच गेले होते. डॉक्टर येऊन गेले होते, भाची मनीषा पुण्याहून निघाली होती. मी गाळणी हातात धरून तसाच उभा... आणि माझी थोरली बहीण त्याच आवाजात पुढे म्हणाली, "येताना एक बल्ब आण. चाळीसचा. पूर्वी असायचा ना पिवळा, तसला. दोनातला एक काल उडालाय. हे आज आणायला जाणार होते." मला वाटलं, धक्क्याने हिचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. पण आक्काला उलट विचारायची पद्धत आमच्या घरात कधीच नव्हती. त्यामुळे मेव्हण्याच्या मयताला निघालेला मी दुकानं उघडायची वाट बघत पालघरच्या बाजारात थांबलो. एलईडीच्या दिवसांत पिवळा बल्ब कोण ठेवतो? शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून धुळीने भरलेला खोका काढला. "हा आता कोणी नेत नाही," तो म्हणाला, "नेले तर कोंबड्यावाले नेतात." मी म्हटलं, आम्ही तेच. म्हणालो आणि तिथेच, त्या अनोळखी माणसासमोर, मला रडू आलं.

दाजी म्हणजे आक्काचे यजमान, दत्तात्रय. आमच्या साताऱ्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. मी हाक मारायचो ती ऐकून उमरोळीतली सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणू लागली, अगदी त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. तरुणपणी नोकरीसाठी ते बोईसरला आले आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तापमान आणि दाब दाखवणारी यंत्रं जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माणूस कमी बोलणारा. समोर काटा किंवा आकडा असला की मात्र तोंड उघडायचं. निवृत्त झाल्यावर उमरोळीला तळमजल्याचं, पुढे थोडं अंगण असलेलं घर घेतलं आणि पहिल्याच महिन्यात आक्काच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून ते दर तासाला दार उघडून बघायला लागले. आक्काने दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमचे ते भिंग-काटे घेऊन अंगणात जा. माझ्या स्वयंपाकघरात ड्यूटी लावू नका."

अंगणात गेलेल्या माणसाला तिथे काशीबाई भेटली. काशीबाई शेजारच्या पाड्यावरची, स्टेशनबाहेर भाजी विकणारी, आणि घरात आठ-दहा गावठी कोंबड्या बाळगून असलेली. तिची एक कोंबडी खुडूक बसली होती, म्हणजे अंडी उबवायच्या नादाने टोपलीतून उठायला तयार नव्हती. दाजींनी ती बघितली आणि घरी येऊन जाहीर केलं, की कोंबडी म्हणजे शेवटी काय, साडेसदतीस अंश आणि थोडा दमटपणा. सातपाटीच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी मासळीचं थर्माकोलचं खोकं आणलं, त्यात दोन बल्ब, एक छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि ठरलेल्या उष्णतेला बल्ब चालू-बंद करणारं एक यंत्र बसवलं. अंडी आणली कोपऱ्यावरच्या दुकानातून. चांगली तपकिरी, 'गावठी' म्हणून जास्त भावाने विकतात ती. तीन आठवडे दाजी त्या खोक्याजवळून हलले नाहीत. काटा केसभर हलला नाही आणि पिल्लूही एक निघालं नाही. काशीबाईने अंडं हातात घेऊन विचारलं, "दाजी, ही कुठशी आणली?" दुकानातून म्हटल्यावर ती मटकन ओट्यावरच बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अवो, त्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांना कोंबडा दिसला तरी हाय का कदी? कोंबडाच नाय, त पिल्लू कशाचा येल?" तापमानाचा एवढा मोठा जाणकार, पण कोंबडा विसरला! ही गोष्ट मी पुढे प्रत्येक लग्नाकार्यात सांगितली आणि प्रत्येक वेळी दाजी मान खाली घालून माझ्याहून जास्त हसले.

त्यानंतर अंडी काशीबाईची आणि मशीन दाजींचं, अशी जोडी जमली. पहिली पिल्लं निघाली ती सुक्या बोंबलाच्या वासात, कारण खोक्याचा वास काही केल्या गेला नव्हता. दाजी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढायचे आणि दिवसातून तीन वेळा अंडी उलटायचे. सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळे गोल. आक्का त्या मशीनला कधी बोट लावत नसे. "तुमचं बाळंतपण तुम्हीच करा," म्हणायची. एका खेपेला एक पिल्लू कवच अर्धं फोडून अडकलं. दाजींना राहवलं नाही, त्यांनी झाकण उघडून चिमट्याने कवच सोलून दिलं. ते पिल्लू त्यांच्या हातात रक्ताळलं आणि गेलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी झाकणावर एक कागद चिकटला होता : "शेवटचे तीन दिवस उघडू नये. कोणीही. मीसुद्धा."

पिल्लं मोठी करून ते वाटून टाकायचे. पाड्यावर, बोईसरच्या कामगारांच्या खोल्यांत, वैतरण्याला राहणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे, सगळीकडे त्यांची कोंबडी पोचली होती. स्वतः रविवारी चिकन खायचे, पण ते बाजारातलं. या सुखी संसारात शत्रू एकच, कावळा. एका दुपारी कावळ्याने त्यांच्या डोळ्यांदेखत एक पिल्लू उचललं, तेव्हापासून अंगणावर दोऱ्यांचं जाळं आलं, जुन्या सीडी लटकल्या, आणि दाजी पत्र्याचा डबा बडवत फिरू लागले. कावळे त्यांना चेहऱ्याने ओळखायचे. ते भाजी आणायला निघाले की तारेवरून कावकाव करत कोपऱ्यापर्यंत पोचवायला जायचे.

तर त्या सकाळी मी बल्ब घेऊन पोचलो तेव्हा मशीनमध्ये अंडी होती. दाजींनी जाण्याच्या दहा दिवस आधी ठेवलेली. आक्काने माझ्या हातातून बल्ब घेतला, स्वतः खुर्चीवर चढून प्लग काढला, बल्ब बसवला, आणि मग येऊन दाजींच्या पायाशी बसली. दुपारी सगळं उरकून आम्ही परतलो. ज्या खोलीत दाजी गेले तिथे दिवा लावला. तेराव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो. मशीनही त्याच खोलीत. गावाहून आलेले दाजींचे चुलतभाऊ नाना, कर्मठ माणूस, त्यांनी ते बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "सुतकाच्या घरात पिल्लं काढायची म्हणजे काय म्हणावं? बंद करा ते. अंडी द्या कुणाला तरी टाकून." खोलीत वीसेक माणसं होती. आक्का उठली, मशीनपाशी गेली आणि नानांकडे न बघता म्हणाली, "तो दिवा विझू द्यायचा नाही म्हणता... मग हा मी कसा विझवू?" तिने झाकण उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा त्या अंड्यांना हात लावला आणि ती एकेक अंडं उलटायला लागली. मनीषा पुढे झाली, तर तिला हाताने बाजूला केलं. तेव्हा मला कळलं, की आता आक्काचं सगळं या खोक्यात आहे. ही अंडी दाजींनी हाताने ठेवलेली शेवटची वस्तू होती. ती वाया गेली असती तर दाजी दुसऱ्यांदा गेले असते, आणि दुसऱ्या वेळेला आक्का उभी राहिली असती की नाही, याची मला खात्री नव्हती.

पुढचे दिवस ती त्याच खोलीत, दार लोटून बसायची. आम्ही आत जात नव्हतो. मग शुक्रवार आला आणि दुरुस्तीसाठी लाइट गेली. अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर आणि आमच्याकडे दर शुक्रवारी अंधार, यावर दाजींचे ठरलेले विनोद होते. पण अशा वेळी मशीनला जोडायला त्यांच्याकडे एक जुनी बॅटरीही होती, तिचं पाणी त्या गडबडीत कोणी बघितलं नव्हतं आणि ती अर्ध्या तासात मान टाकून बसली. काटा उतरायला लागला. गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवायच्या, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण घरात चूल पेटायची नव्हती. चूल म्हणजे चूल, गॅससुद्धा त्यातच आला, असं नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळचं पिठलं-भाकरी शेजारून यायचं. आक्का दारात येऊन उभी राहिली. तिने काही मागितलं नाही, नुसती "काटा उतरतोय" म्हणाली. काशीबाई ओट्यावर बसली होती. "उतरतो कसा? आमी हाव ना," म्हणत ती उठली आणि गल्लीत ओरडत गेली. पाच-दहा मिनिटांत गरम पाणी यायला लागलं. थंड पेयांच्या बाटल्यांत, थर्मासात, एका घरातून तर बाळाच्या अंघोळीच्या बादलीत. मागच्या खोलीत राहणारा, रात्रपाळी करून झोपलेला उत्तर प्रदेशातला एक कामगार डोळे चोळत आला, "चाची, और लगेगा तो बोलना, मेरा स्टोव चालू है." ज्या वाटेने भाकरी येत होती त्याच वाटेने पाणी येत राहिलं. संध्याकाळी लाइट आली तेव्हा नाना स्वतः बाटल्या पुसून परत देत होते.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. आणि कावळा शिवेना! आयुष्यभर ज्यांना डबे बडवून हाकललं त्यांचीच आम्ही हात जोडून वाट बघत होतो. समोरच्या झाडावर चार-पाच बसले होते, मजेत, मान वाकडी करून. मला दुःखातही हसू आवरेना. दाजींनी ही वेळ बघितली असती तर सगळ्यात आधी तेच हसले असते. रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन सांगायला लागला. मनीषाचं सगळं नीट होईल. आक्काला एकटं पडू देणार नाही. घराचं बघू. कावळे ढिम्म. ऊन चढायला लागलं, नाना दर्भाचा कावळा करायचं बोलू लागले. तेव्हा आक्का पुढे आली. पदर नीट केला आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "काल अंड्यांमागे टॉर्च धरून बघितला. आत हलतंय. बहुतेक सगळ्यांत." एक कावळा खाली आला आणि शिवला. मी आकडे मानणारा माणूस आहे, तो कावळा भुकेला असणार हे मला कळतं. पण त्या क्षणी मी जमिनीला डोकं टेकवलं, हेही खरं.

पिल्लं तेराव्याच्या आदल्या दिवसापासून निघायला लागली. एक मागे राहिलं होतं. कवचाला भोक पाडून त्याने चोच बाहेर काढली आणि तिथेच थांबलं. मनीषा रडकुंडीला आली, "आई, मरेल गं ते, उघड ना." आक्काने झाकणावर, त्या कागदावर, दोन्ही तळवे ठेवले आणि तशीच बसून राहिली. संध्याकाळ व्हायच्या आत ते आपलं आपण बाहेर आलं, ओलं, कुरूप, पाय झाडत. तेव्हा आक्का पहिल्यांदा रडली. मोठ्याने रडली. आम्ही तिला रडू दिलं.

परवा, या गोष्टीला दीड-दोन महिने झाल्यावर, मी उमरोळीला गेलो. मनीषा पुण्याला परतली होती. पिल्लांना आता पंख फुटलेत, ती अंगणभर पांगून माती उकरत होती. आतून आक्काच्या बोलण्याचा आवाज आला. कोणी आलंय असं समजून मी दारातच थांबलो. तर खोलीत कोणी नव्हतं. दाजींच्या रिकाम्या खुर्चीसमोर पाटावर बसून, पालेभाजी निवडत, ती हलक्या आवाजात सांगत होती, की सिलिंडर आज आला, मनीषाला सर्दी झालीय, काशीबाईच्या सुनेचे दिवस भरत आलेत. आणि तो आवाज ऐकून अंगणातली सगळी पिल्लं माती टाकून धावत आली, उंबऱ्यावरून धडपडत आत उतरली आणि तिच्या मांडीला, पदराला, पायांना चिकटून बसली. मघाशी अंगणातून येताना मी त्यांना चुचकारलं होतं, तर एकानेही मान वर केली नव्हती.

शेवटच्या दिवसांत अंड्यातलं पिल्लू बाहेरचा आवाज ऐकतं आणि तोच आईचा म्हणून लक्षात ठेवतं, असं दाजींनी मला कधीतरी सांगितलं होतं. मी आक्काला विचारलं, "त्या लोटलेल्या दारामागे तू अंड्यांशी बोलत होतीस होय?"

"छे रे, मला कुठलं ते सुचायला," ती म्हणाली. एक पिल्लू तिच्या तळहातावर चढत होतं, त्याला तिने चढू दिलं. "मी ह्यांच्याशी बोलत होते... ऐकलं मात्र या पिल्लांनी."

मग माझ्यासाठी चहा ठेवायला ती उठली, आणि तिच्या मागोमाग ती सगळी रांग स्वयंपाकघरात गेली.